एकाच भिंतीवर तीन बॅरोमीटर, तीन आकडे: पुण्याचा खरा दाब कोणता?

हवापालट (प्रश्न)

पुण्यात, समुद्रसपाटीपासून ५६० मीटर उंचीवर, कॉलेजच्या तळमजल्यावरच्या प्रयोगशाळेत तीन साधनं शेजारीशेजारी आहेत. आज सकाळी साडेआठला मुद्दाम एकाच वेळी वाचली, कारण हवामान खात्याची नोंदही साडेआठचीच असते.

फोर्टिनचा पाऱ्याचा बॅरोमीटर (हवेचा दाब मोजणारं यंत्र): ७१.५५ सेंमी. त्याच्या अंगावरच्या तापमापकावर २७.० अंश.

बीएमपी२८० ही दाब मोजणारी चिप, ईएसपी३२ या छोट्या संगणक-बोर्डाला जोडलेली: ९४९.१ हेक्टोपास्कल (पुढे हेपा). उंची ५६० मी. घातल्यावर चिपची तयार कोड-लायब्ररी 'समुद्रसपाटीचा दाब' १०१४.७ दाखवते.

जुन्या बाजारातून आणलेला काट्याचा ॲनरॉइड (पाऱ्याविना चालणारा बॅरोमीटर): २९.६० इंच. डायल २८ ते ३१ इंच, त्यावर इंग्रजीत वादळ, पाऊस, बदल, स्वच्छ, कोरडी हवा असं लिहिलेलं.

पाऱ्याच्या मिमीतल्या आकड्याला १.३३३२ नं गुणलं (मिमीचे हेपा) तर ९५३.९ येतात. इंचांना ३३.८६ नं गुणलं तर १००२. त्याच वेळी लोहगाव विमानतळाच्या मेटार संदेशात (विमानांसाठीच्या हवामान-अहवालात) क्यूएनएच, म्हणजे वैमानिकांना दिलेला समुद्रसपाटीचा दाब, १०१२ आहे आणि हवामान खात्याच्या नोंदीत समुद्रसपाटीचा दाब १००९. बाहेरचं तापमानही २७ च होतं.

पारा सगळ्यात विश्वासू असं शिकलोय, मग चिप ५ हेपा कमी का? चिपलाच दुरुस्ती लावायची की पाऱ्याला? आणि ॲनरॉइडच्या मागचा स्क्रू कशाला जुळवायचा?

---

पारा_७६०

पारा विश्वासू आहे, पण तो दाब सांगत नाही, उंची सांगतो. ७१.५५ सेंमी ही तुमच्या खोलीतल्या तापमानाच्या पाऱ्याची, पुण्याच्या गुरुत्वाकर्षणात, पितळी पट्टीवर मोजलेली उंची आहे. १.३३३२ हा गुणक फक्त ० अंशाच्या पाऱ्याला आणि ९.८०६६५ या प्रमाणित गुरुत्वत्वरणाला लागू पडतो. कॉलेजांच्या प्रयोगवह्यांत ७१.५ लिहून थेट पुढचं गणित करतात, तिथेच ६ हेपांची चूक शिरते.

तापमानाची दुरुस्ती आधी. पारा तापला की हलका होतो, त्याच दाबाला जास्त उंच स्तंभ लागतो. पट्टीही लांबते, पण पाऱ्याच्या एक दशांशच. पाऱ्याचा घनप्रसरणांक अंशामागे ०.०००१८१८, पितळाचा रेषीय ०.००००१८४, वजाबाकी ०.०००१६३४. म्हणून

वजा करायचे मिमी = ७१५.५ × ०.०००१६३४ × २७ ÷ (१ + ०.०००१८१८ × २७) = ३.१४

उरले ७१२.३६ मिमी. आता गुरुत्व. पुण्याच्या अक्षांशावर आणि उंचीवर ते साधारण ९.७८४ धरा. ९.७८४ ÷ ९.८०६६५ = ०.९९७६९. गुणाकार ७१०.७१ मिमी. आता कुठे १.३३३२२४ नं गुणायचं: ९४७.५ हेपा.

यंत्रासोबत तपासणीचं प्रमाणपत्र असेल तर त्यातली निर्देशांक दुरुस्ती सगळ्यात आधी लावा. तिच्यात पट्टीची चूक आणि केशाकर्षण दोन्ही येतात (अरुंद नळीत पारा खाली दबतो, ८ मिमीच्या नळीत अर्ध्या मिमीच्या आसपास). प्रमाणपत्र नसेल तर काही दशांश हेपांची अनिश्चितता मान्य करायची, उगाच दुसऱ्या दशांशस्थळापर्यंत आकडे लिहायचे नाहीत.

एक खाचखळगा इंचाच्या पट्टीत आहे. बऱ्याच जुन्या फोर्टिनवर एका बाजूला सेंमी, दुसरीकडे इंच. सेंमीची पट्टी ० अंश सेल्सिअसला बरोबर असते, इंचाची ६२ अंश फॅरनहाइटला. दोघींचे दुरुस्तीचे तक्ते वेगळे. इंच वाचून त्याला वरचं सूत्र लावलं की उत्तर चुकतं. तुम्ही सेंमी वाचलेत ते बरं केलंत.

आता वाचायची पद्धत, कारण वाचनच चुकलं असेल तर वरचं सगळं गणित पाण्यात.

तापमापक सर्वांत आधी वाचा, अर्ध्या अंशापर्यंत नाही, ०.१ पर्यंत. समोर दोन मिनिटं उभे राहिलात तर अंगाच्या उबेनं तो चढतो, पण आतला पारा तेवढा तापलेला नसतो. एका अंशाच्या चुकीला इथे ०.१२ मिमी, म्हणजे ०.१५ हेपा पडतात. मग नळीवर आणि खालच्या कुंडावर बोटानं हलकेच टिचक्या मारा. तळाचा स्क्रू फिरवून कुंडातला पारा पट्टीचा शून्य दाखवणाऱ्या हस्तिदंती टोकापर्यंत आणा: टोक आणि त्याचं पाऱ्यातलं प्रतिबिंब एकमेकांना नुसतं टेकलं पाहिजे. टोकाभोवती खळगा पडला तर पारा जास्त वर आलाय. खाली नेऊन पुन्हा वर आणा. मागच्या पांढऱ्या पट्टीवर उजेड पडेल अशी व्यवस्था ठेवा, पण जवळ साधा बल्ब नको, तो पारा तापवतो.

मग व्हर्नियर (बारीक वाचनाची सरकती पट्टी) वरून खाली आणा. त्याची पुढची आणि मागची कड एका रेषेत दिसली पाहिजे आणि ती पाऱ्याच्या घुमटाच्या माथ्याला स्पर्श करत असली पाहिजे. दोन्ही बाजूंना उजेडाचे छोटे त्रिकोण दिसतात. डोळा त्याच पातळीत. वाचून झालं की तळाचा स्क्रू थोडा उलटा फिरवून पारा टोकापासून खाली सोडा, नाहीतर टोकाला मळ धरतो.

नळी लंबात आहे ना? वरच्या हुकावर मोकळी लटकू द्या आणि स्थिर झाल्यावरच खालच्या कड्याचे तीन स्क्रू अलगद टेकवा. १ अंश कललेली नळी ०.११ मिमी जास्त दाखवते, शिवाय हस्तिदंती टोक मध्यभागी नसल्यानं आणखी चूक होते ती वेगळीच.

आणि तुमच्या यंत्राचा पारा काळवंडला असेल, टोकाचं प्रतिबिंब धूसर दिसत असेल, तर हे सगळं करूनही पहिल्या दशांशावर भरवसा नाही.

---

सोल्डरचा_धूर

चिपबद्दल. तिला गुरुत्वाची दुरुस्ती लावायची नाही, अजिबात. आत सिलिकॉनचा पातळ पडदा आहे, त्याच्या एका बाजूला कायमची बंद केलेली निर्वात पोकळी. पडदा वाकला की त्यातले चार रोध बदलतात, व्हीटस्टनच्या सेतूतून व्होल्टेज येतं, २० बिटांचा आकडा बनतो. इथे कोणतंही वजन तोललं जात नाही, पडद्याचा ताण तोलतो. ॲनरॉइडचंही तसंच. तापमानाची दुरुस्ती मात्र लागते, ती चिपच्याच स्मृतीत साठवलेल्या १२ गुणांकांवरून होते.

म्हणजे तुमची ९४९.१ ची तुलना ९५३.९ शी नाही, ९४७.५ शी. फरक १.६ हेपा, आणि तोही उलट दिशेनं. बॉशच्या माहितीपत्रकात या चिपची निरपेक्ष अचूकता ±१ हेपा दिलीय, सोल्डरिंगमुळे उणे ०.५ ते अधिक २ हेपांपर्यंत सरकू शकते असंही लिहिलंय, आणि वर्षाला ±१ चा संथ घसारा. तुमचा आकडा त्यात बसतो. चिप खराब नाही. सापेक्ष अचूकता ±०.१२ हेपा आहे, म्हणजे बदल ती छान पकडते, पाया मात्र तुम्ही द्यायचा. त्यासाठी कोडमध्ये एकच स्थिर संख्या वजा करा. ती एका वाचनावरून ठरवू नका. आठवडाभर रोज सकाळी १० आणि दुपारी ४ ला पारा वाचा, प्रत्येक वेळचा फरक लिहा, सरासरी घ्या. सकाळचा आणि दुपारचा फरक सारखाच वेगळा येत असेल तर दोष दाबाचा नाही, तापमानाचा आहे.

तापमानाचा दोष बहुतेक वेळा आपणच करतो. ईएसपी३२ ला चिकटवून चिप ठेवली की बोर्डाची ऊब तिला लागते. १० सेंमी वायरीवर बाहेर काढा. सतत मोजणाऱ्या 'नॉर्मल' मोडऐवजी 'फोर्स्ड' मोडमध्ये (सांगितलं तेव्हाच मोजणाऱ्या) मिनिटाला एक वाचन, दाबाचं ओव्हरसॅम्पलिंग (एका वाचनासाठी अनेकदा मोजणं) १६ पट. डब्याच्या भोकातून थेट ऊन किंवा दिव्याचा झोत आत जाऊ देऊ नका. सिलिकॉन प्रकाशालाही प्रतिसाद देतं.

सगळ्यात महागात पडणारी चूक: पावसापासून वाचवायला चिप पूर्ण हवाबंद डब्यात ठेवणं. बंद हवा १० अंशांनी तापली तर तिचा दाब १० ÷ ३०० नं वाढतो, म्हणजे पुण्यात तब्बल ३१ हेपा. तुम्ही वातावरण नाही, डबा मोजत असता. तळाला २-३ मिमीचं भोक, आतून जाळी, आणि चिपवर मेणाचा, नेलपॉलिशचा किंवा गोंदाचा थर नाही.

वाचन मुळातच अचाट येत असेल (७०० किंवा १२००), तर चिपच्या स्मृतीतले गुणांक कोडमध्ये वाचताना अधिक-उणे चिन्ह चुकलंय का पाहा. तापमानाचा पहिला आणि दाबाचा पहिला गुणांक चिन्हरहित आहेत, बाकी सगळे चिन्हासहित. शिवाय दाबाच्या गणितात तापमानाची मधली संख्या लागते, म्हणून प्रत्येक वेळी तापमान आधी वाचायचं. बोर्ड चिपला ज्या पत्त्यावर शोधतो तो हेक्समध्ये ७६ किंवा ७७. चिपची एसडीओ पिन ग्राउंडला जोडली तर ७६. बीएमई२८० (आर्द्रताही मोजणारी चिप) म्हणून विकलेल्या पट्टीतून आर्द्रता शून्यच येत असेल तर ओळख-रजिस्टर वाचा: ६० आलं तर बीएमई, ५८ आलं तर दुकानदारानं बीएमपीच दिलीय.

---

हवापालट

तुमची दोघांची सूत्रं वापरून मागची चार वाचनं पुन्हा काढली. पारा आणि चिप यांतला फरक प्रत्येक वेळी १.४ ते १.७. म्हणजे एक गाठ सुटली. पण ९४७.५ हाच खरा असेल तर १०१२ आणि १००९ यांपैकी बरोबर कोण? दोन्ही समुद्रसपाटीचेच म्हणतात.

---

घाटमाथा

दोन्ही बरोबर. पुण्याखाली समुद्र नाही, म्हणून ५६० मीटर जाडीचा एक काल्पनिक हवेचा थर जोडावा लागतो. तो किती तापमानाचा धरायचा, एवढाच वाद.

विमानाच्या क्यूएनएचमध्ये तो थर प्रमाणित वातावरणाचा धरतात: समुद्रसपाटीला १५ अंश, दर किलोमीटरला ६.५ अंश घट. तुमच्या लायब्ररीतलं ४४३३० आणि ५.२५५ आकड्यांचं सूत्र हेच. ९४७.५ ÷ (१ − ५६० ÷ ४४३३०)^५.२५५ = १०१३.० च्या एक केस अलीकडे. क्यूएनएच नेहमी खालच्या पूर्णांकात देतात, म्हणून १०१२. वैमानिकाला सोय अशी की ते अल्टिमीटरवर (दाबावरून उंची सांगणाऱ्या यंत्रावर) लावलं की धावपट्टीवर धावपट्टीचीच उंची दिसते. त्यासाठी अल्टिमीटरच्या आत भरलेलंच वातावरण गणितात हवं, खरं नाही.

हवामानाच्या नकाशाला मात्र खरं तापमान लागतं. २७ अंशांची हवा हलकी, म्हणून तोच थर कमी भर टाकतो. स्थिरांक घालून पाहा: थराचं सरासरी तापमान ३०२ केल्विन, घातांक ९.७८४ × ५६० ÷ (२८७.०५ × ३०२) = ०.०६३२, आणि ९४७.५ × ई^०.०६३२ = १००९.३. बाष्प धरलं तर आणखी किंचित कमी. खात्याचा १००९ इथून आला.

या दोघांतला फरक ऋतूनुसार हलतो. जानेवारीतल्या पहाटे १२ अंशांना दोन्ही आकडे जवळजवळ एक होतात, मे महिन्यात दुपारी ४० अंशांना ते ६ हेपांनी फाकतात. म्हणूनच चिपला 'समुद्रसपाटीच्या' आकड्यावर जुळवायचं नसतं. हिवाळ्यात जुळवलेली उन्हाळ्यात बिघडल्यासारखी वाटते. जुळवणी कायम जागेवरच्या दाबावर, ९४७.५ वर.

लोहगावशी तुलना करताना उंचीही लक्षात घ्या: विमानतळ ५९२ मीटरवर आहे, तुमच्यापेक्षा ३२ मीटर वर. पुण्याच्या हवेत ९.३ मीटरला १ हेपा पडतो, म्हणजे जागेवरचा दाब तिथे साडेतीन हेपा कमी. एकाच इमारतीत पहिल्या आणि चौथ्या मजल्यावरचे बॅरोमीटर जुळत नाहीत अशा तक्रारींचं मूळही हेच, मजल्यामागे ०.३ हेपा.

---

काटेकोर

ॲनरॉइड राहिला, त्याला कोणी विचारत नाही.

तुमच्या डायलवर पुण्याचा खरा दाब मावतच नाही. ९४७.५ हेपा म्हणजे २७.९८ इंच, आणि पट्टी सुरू होते २८ ला. हे यंत्र समुद्रकाठच्या सपाट मुलखातल्या घरांसाठी बनवलेलं आहे. मागच्या स्क्रूनं काटा समुद्रसपाटीच्या आकड्यावर सरकवून वापरायचं. तेव्हा १००९ हेपा म्हणजे २९.८० इंचांवर लावा. सध्या तो ०.२ इंच कमी दाखवतोय, म्हणजे आधीच्या मालकानंही पुण्यासाठीच कधीतरी लावलेला असणार. मुंबईहून तसाच आणला असता तर तो २८ च्या टोकाला आपटलेला दिसला असता.

लावताना: पातळ पेचकसानं स्क्रू एका वेळी पाव फेऱ्यापेक्षा कमी, काचेवर टिचकी, वाचा, पुन्हा. स्क्रू घट्ट लागला तर थांबा. त्याखाली डबीचा आधार आहे. जोर केला तर डबीला जोडलेला दांडा वाकतो आणि मग काटा कुठेही लावा, पट्टीशी प्रमाण जुळत नाही. महाबळेश्वर-पाचगणीच्या उंचीवर तर असे बहुतेक डायल लावताच येत नाहीत, स्क्रूची मजल संपते.

आत काय चालतं ते ठाऊक असलं की बिघाड ओळखता येतो. १८४४ मध्ये फ्रान्समध्ये ल्युसियाँ विदीनं पेटंट घेतलेली रचना आजही तीच: नालीदार पत्र्याची, हवा काढून घेतलेली चपटी डबी. ५ सेंमी व्यासाच्या डबीवर पुण्यातही १९ किलो वजनाइतका जोर असतो. ती चेपून जाऊ नये म्हणून जाड पोलादी स्प्रिंग तिला वर ओढून धरते. डबीची हालचाल मिलिमीटरच्या अंशात, ती तरफा आणि बारीक साखळीनं शेकडो पट वाढवून काट्याला दिली जाते. केसासारखी स्प्रिंग साखळीतली ढिलाई काढते.

काटा टिचकी मारल्यावर पाव सेंमी उडी घेत असेल तर सांध्यांत मळ किंवा गंज आहे. साखळीला तेल घालू नका, धूळ चिकटून वर्षभरात आणखी अडकते. काटा ढिम्म असेल तर डबी फुटून आत हवा शिरलीय. ते घरी दुरुस्त होत नाही. सोपी चाचणी: यंत्र मोठ्या झिपच्या पिशवीत थोडी हवा ठेवून बंद करा आणि पिशवी तळहातानं हळूच दाबा, काटा वर सरकला पाहिजे. सिंहगडावर नेऊन चाचणी करू नका. साडेसातशे मीटर चढलात की दाब ७५-८० हेपांनी पडतो, काटा पट्टीबाहेर जातो आणि खाली आल्यावरही डबी कित्येक तास पूर्ववत होत नाही.

डायलवरचे शब्द विसरा. ते इंग्लंडातल्या हवेला लिहिलेत, जिथे एका आठवड्यात ४० हेपांचा चढउतार होतो. आपल्याकडे पावसाळ्यात धो धो कोसळत असतानाही काटा 'बदल'च्या आसपासच घुटमळतो.

त्यापेक्षा रोजची भरती-ओहोटी पाहा. सूर्याच्या उष्णतेमुळे वातावरणात अर्ध्या दिवसाची लाट चालते: सकाळी १० आणि रात्री १० ला दाब चढलेला, पहाटे ४ आणि दुपारी ४ ला उतरलेला. पुण्यात सकाळच्या शिखरापासून दुपारच्या तळापर्यंत ३ ते ४ हेपा. (सूर्याच्या वेळेपेक्षा पुण्याचं घड्याळ अर्धा तास पुढे असतं, तेवढा उशीर धरा.) तीनपैकी जे साधन ही चढउतार दाखवत नाही, ते नादुरुस्त. ॲनरॉइडवर ही हालचाल ०.१ इंचाची, नुसत्या डोळ्यांना दिसते.

---

हवापालट

दोन दिवस पाहिलं. चिप आणि पारा दोघांनीही १० ते ४ मध्ये ३.४ हेपांची घट दाखवली, ॲनरॉइडनं जेमतेम निम्मी. सांधेच असणार. एक शेवटचं: प्रयोगशाळा वरच्या मजल्यावर हलवणार आहेत. फोर्टिन उचलून नेता येईल का?

---

पारा_७६०

उभा धरून जिन्यावरून अजिबात नेऊ नका. पारा हिंदकळून वरच्या काचेवर आदळला की नळी फुटते.

तळाचा स्क्रू सावकाश वर चढवत जा. शामॉय कातड्याची पिशवी वर येते आणि नळीत पारा भरत जातो. माथ्यापासून सेंटिमीटरभर जागा उरली की थांबा. गच्च भरलात तर तापल्यावर पाऱ्याला प्रसरायला जागा राहत नाही आणि तो सांध्यांतून झिरपतो. मग भिंतीवरून काढून हळूहळू तिरका करा. पारा माथ्याला टेकताना 'टक्' असा कडक धातूसारखा आवाज आला तर निर्वात चांगला आहे. आवाज बोथट आला तर वर हवा शिरलेली आहे, आणि मग यंत्र नेहमीच कमी दाखवत असणार. चिपशी आलेला तुमचा १.६ चा फरक थोडा तिथूनही आलेला असू शकतो. ही चाचणी झाल्याशिवाय चिपमधली स्थिर संख्या पक्की करू नका.

पूर्ण उलटा करून, कुंड वर ठेवून, दोघांनी मिळून न्या. नव्या जागी लटकवल्यावर स्क्रू खाली घ्या आणि वाचायला एक दिवस थांबा. खिडकी, एसी आणि पंख्याचा झोत टाळा: सेकंदाला १० मीटरचा वारा उघड्या खिडकीवर अर्धा हेपा दाब देतो, आणि पारा टोकापाशी नाचत राहतो.

खाली मोठा ट्रे ठेवा आणि त्याच्याजवळ गंधकाची पूड. सांडलाच तर झाडू नाही, व्हॅक्यूम क्लीनर तर नाहीच, त्यानं वाफ खोलीभर होते. कागदाच्या कडेनं थेंब एकत्र करून झाकणाच्या बाटलीत पाण्याखाली, फटींवर गंधक, खिडक्या उघड्या. पाऱ्याचा वापर कमी करण्याच्या मिनामाता या आंतरराष्ट्रीय करारानुसार पाऱ्याचे नवे बॅरोमीटर बनवणं बंद होत आलंय, तेव्हा हा फुटला तर बदली मिळणार नाही.